गोळी आत्ता नाही

'थांबा' हा शब्द आमच्या घरात कायम पलीकडच्या माणसाचा होता. टेबलामागे, पंख्याखाली, हातात शिक्का घेऊन बसलेल्या माणसाचा. आमच्या पत्रकांत 'आजच' असायचं, 'ताबडतोब' असायचं. 'थांबा' कधी छापलं गेलं नाही. पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधी मी पत्रकांच्या घड्या घालायला शिकले. माझे वडील पारोळ्याच्या बाजारात पोती वाहायचे आणि पोती वाहणाऱ्यांची संघटनाही चालवायचे. सगळा बाजार त्यांना भाऊ म्हणायचा, म्हणून मीही भाऊच म्हणते.

त्यामुळे धुळ्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर मॅडम मला म्हणाल्या, "एचआयव्हीची गोळी आत्ता सुरू करायची नाही, थांबायचं," तेव्हा माझ्या कानांनी ओळखीचंच ऐकलं. पुन्हा कुणीतरी टेबलामागून आपल्याला परत पाठवतंय.

भाऊंचं डोकं हिवाळ्यात दुखायला लागलं होतं. मिरचीच्या पोत्यांची धूळ असेल, म्हणून त्यांनी रुमाल कपाळाला आवळून बांधला आणि कामावर जात राहिले. मग उलट्या सुरू झाल्या. मग एका सकाळी पत्रकाचं प्रूफ वाचता वाचता त्यांनी ते मला दिलं आणि म्हणाले, "ओळी एकीवर एक चढताहेत. तूच बघ." जळगावच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला, रक्त काढलं, आणि जरा अडखळत एचआयव्हीच्या तपासणीचं विचारलं. भाऊ हसले.

"करा की! ही तपासणी करा म्हणून मी गावोगाव ओरडत फिरलोय."

ते खरंच होतं. मी लहान असताना भाऊंनी आणि जळगावच्या अक्कानं मिळून खेड्यापाड्यांत पत्रकं वाटली होती. अक्काला स्वतःला एचआयव्ही होता आणि ती ते माइकवर सांगायची. पत्रकात भाऊंच्या हातची ओळ होती: आज तपासणी, आज गोळी. आणि खाली दुसरी: झाला कसा ते विचारू नका, औषध मिळतंय का ते विचारा. या दोन्ही ओळी मला अजून पाठ आहेत. तपासणीत भाऊंना एचआयव्ही निघाला तेव्हा दुसऱ्या ओळीनं माझं तोंड बंद केलं. मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

माय त्या ओळीला बांधलेली नव्हती. तिची तपासणी करायला मीच तिला घेऊन गेले. तिला काही नव्हतं. भाऊंना धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या, असं जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. परत येताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि उतरल्यावर एवढंच म्हणाली, "त्याला धुळ्याला न्यायचंय ना, ने. मी नाही येणार."

म्हणून धुळ्याला मी एकटी होते. पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं आणि त्यात बुरशी सापडली. मेंदूच्या आवरणात. लोणच्यावर येते ती का, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "ती नाही. ही मातीत असते, कबुतरांच्या विष्ठेत असते. श्वासाबरोबर तुमच्या-माझ्या छातीतही जाते. आपलं शरीर तिला तिथंच संपवतं. तुमच्या वडिलांच्या शरीरात ते काम करणाऱ्या पेशीच उरलेल्या नाहीत." मला बाजारातली गोदामं आठवली. वर पत्र्याखाली कबुतरं, खाली पोती, आणि पोत्यांखाली माणसं.

पुरुषांच्या वॉर्डात मी एकटी मुलगी. पहिल्याच दिवशी वॉर्डात काम करणाऱ्या मामांनी विचारलं, "घरात कुणी पुरुषमाणूस नाही का?"

"आहे की," मी म्हटलं, "हा काय खाटेवर."

त्यानंतर मामांनी मला स्टूल आणून दिलं.

त्याच स्टुलावर बसून मी निवेदन लिहिलं. रुग्णाला औषध नाकारणं हा त्याच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे, इथपासून सुरुवात केली आणि गेटवर धरणं धरू इथपर्यंत आले. अशी निवेदनं मला झोपेतही लिहिता येतात. मॅडमनी ते उभ्याउभ्या पूर्ण वाचलं. याची मला सवय नव्हती. टेबलामागची माणसं पहिली ओळ वाचून कागद बाजूला ठेवतात.

"हे तुम्ही वर देऊ शकता," त्या म्हणाल्या. "पण एक सांगा. तुमच्या वडिलांना ताप आहे?"

"नाही."

"मान आखडलीय?"

"नाही. म्हणजे आजार कमी आहे ना?"

"उलट आहे. ताप, सूज, मान आखडणं, हे बुरशी करत नाही. शरीर करतं. शरीर तिच्याशी लढतं तेव्हा ते होतं. यांच्या डोक्यात बुरशी मोकळी फिरतेय आणि आत कुणी आरडाओरडासुद्धा करत नाहीये."

"म्हणून तर गोळी द्या. लढणारे परत येतील."

"येतील. एकदम येतील. आणि त्यांना जिकडेतिकडे बुरशी दिसेल. मग जी सूज येईल ती जाणार कुठे? कवटी हाडाची आहे, ती ताणली जात नाही. अशा वेळी गोळी लवकर दिली तर जास्त माणसं दगावतात. आधी सलाइनमधून औषध देऊन बुरशी मारू. चार ते सहा आठवडे. मग गोळी सुरू करू, ती जन्मभर."

मी निवेदन पिशवीत ठेवलं. फाडलं नाही. आमच्याकडे लिहिलेला कागद फाडत नाहीत.

माय आली नाही, पण तिचा डबा यायचा. पारोळ्याहून एसटीच्या कंडक्टरकडे ती डबा द्यायची आणि मी धुळ्याच्या स्टँडवर जाऊन तो घ्यायचे. कळण्याची भाकरी, ठेचा, कधी भरीत. सोबत निरोप नसायचा. मी डबा उघडून तिच्या मनातलं काही कळतंय का बघत राहायचे. एकदा भाऊंच्या आवडीची शेवभाजी निघाली तेव्हा मला वाटलं, राग उतरला. दुसऱ्या दिवशी नुसती खिचडी होती. भाकरीवरून माणसाचं मन वाचायची वेळ यावी, इतकं बोलायला कुणी नव्हतं.

ज्यांच्या पगारासाठी भाऊंनी आयुष्यभर घसा कोरडा केला ते लोक गेटपर्यंत आले. फैजपूरचा एक जुना साथी केळीची फणी घेऊन वॉर्डाच्या दारापर्यंत आला. ती माझ्या हातात दिली, आत नजर टाकली, आणि "जरा घाईत आहे" म्हणून जिना उतरला. हात लावल्यानं एचआयव्ही होत नाही हे पत्रक यानंच भाऊंबरोबर वाटलं होतं. मला त्याच्यामागे धावत जाऊन ते वाचून दाखवावंसं वाटलं. सलाइनच्या औषधानं अंगातलं पोटॅशियम उतरतं, केळी द्या, असं मॅडम म्हणाल्या होत्या. म्हणून मी केळं सोलून भाऊंना भरवलं.

"कोण आलं होतं?"

"फैजपूरचे."

"आत का नाही आला?"

"तुम्ही झोपला होतात."

औषध चढताना त्यांना हुडहुडी भरायची. खाट वाजायची. पाठीतून पाणी काढलं की डोक्यावरचा दाब उतरायचा आणि त्यांचा चेहरा थोडा वेळ पूर्वीसारखा व्हायचा. अशाच एका वेळी त्यांनी माझ्याकडून फोन मागून घेतला आणि मला चहा आणायला पाठवलं. त्यांनी कुणाला फोन केला ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुपारी वॉर्डाच्या दारातूनच आवाज आला, "कसा शे रे, भाऊ?"

अक्का होती. ती मूळची पारोळ्याकडची, आता जळगावला राहायची. बोलणं निम्मं अहिराणीत, निम्मं शहरातल्या मराठीत. ती दारात थांबली नाही. सरळ येऊन खाटेवर बसली, भाऊंचा हात हातात घेतला, डबा उघडून अर्धी भाकरी स्वतः मोडली. "तुझ्या बायकोच्या हाताला चव शे. तुझ्या नशिबात ती कशी आली काय माहीत." भाऊ हसले. त्या वॉर्डात मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. इतक्या दिवसांत आत येऊन बसलेलं ते पहिलं माणूस होतं.

मग तिनं पिशवीतून स्टीलची डबी काढली.

"मन्हा डबामाईन लई उनू," ती भाऊंना म्हणाली. तिच्या स्वतःच्या गोळ्या होत्या, तिच्या रोजच्या औषधातून काढलेल्या. "आज एक घे. हे लोक उद्या ये, परवा ये करतात. आपल्याला काय नवीन शे?"

भाऊंनी हात पुढे केला. मी मधून डबी घेतली.

"अक्का, आत्ता नाही. डॉक्टर म्हणतात..."

"डॉक्टर म्हणतात!" तिनं भाऊंकडे बघून डोळे मोठे केले. "देख रे भाऊ, तुन्ही पोर. दुधाचे दात होते तेव्हा टेबलावर चढून घोषणा द्यायची. आता म्हणते डॉक्टर म्हणतात."

"दे ती डबी," भाऊ म्हणाले.

"नाही."

"मी सांगतोय."

"नाही, भाऊ."

मी समजावून सांगायला लागले. बुरशी, सूज, कवटीचं हाड. मॅडमचे शब्द माझ्या तोंडात होते आणि ते मलाच टेबलामागून आल्यासारखे वाटत होते. अक्का सगळं ऐकून घेत होती. मग तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

"मन्हा माणूस 'उद्या ये' मा गया," ती म्हणाली. "तुले माहीत शे."

मला माहीत होतं. तिचा नवरा गोळीची वाट बघत गेला होता. ते पत्रक त्याच्यामुळेच लिहिलेलं होतं. तिच्यासमोर माझ्याकडे काय होतं? एका मॅडमनं सांगितलेली गोष्ट, जी मी डोळ्यांनी बघितली नव्हती. पण त्या मॅडमनं माझा कागद शेवटपर्यंत वाचला होता. मी डबी अक्काच्या पिशवीत ठेवली, चेन ओढली, आणि पिशवी तिच्या खांद्याला लावली. "अक्का, तुमची गोळी तुम्हीच घ्या. चुकवू नका," एवढंच मला म्हणता आलं. ती उठली. भाऊंच्या केसांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

"तू टेबलामागं जाऊन बसलीस," भाऊ म्हणाले, आणि भिंतीकडे वळले.

त्यानंतर ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. मॅडमशी बोलायचे, मामांशी बाजारभावावर बोलायचे, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला संघटनेचे नियम समजावायचे. मला फक्त "पाणी" आणि "चादर". ते झोपले की मी उशीखाली हात घालून बघायचे, गोळी तर नाही ना. लहानपणी मी त्यांच्यासाठी पहारा दिला होता, भिंतीवर पोस्टर लावताना पोलीस येतात का ते बघत. आता पहारा त्यांच्यावरच होता. वॉर्डाच्या खिडकीतून स्टँडकडे जाणारा रस्ता दिसायचा. मी उभी राहून बघायचे आणि मनात भांडत राहायचे. कधी भाऊंशी, कधी मॅडमशी, कधी त्या ओळीशी. आज तपासणी, आज गोळी. ओळ खोटी नव्हती. हजार लोकांसाठी ती खरी होती. मी मात्र जिच्या वडिलांना ती लागू नव्हती ती मुलगी होते, आणि अशा मुलींची संघटना नसते.

आठवडे गेले. पाण्यातली बुरशी संपल्याचं मॅडम म्हणाल्या. डोळ्यांचं मात्र त्यांनी आधीच सांगून ठेवलं. दाबानं डोळ्यांच्या नसांना मार बसला होता, गेलेली नजर पुरती येईलच असं नाही. आम्ही पारोळ्याला परतलो आणि काही दिवसांनी गोळी सुरू झाली. भाऊंनी ती तळहातावर घेतली, डोळ्यांजवळ नेली, बोटानं चाचपली. "एवढीशी," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. मग गिळून टाकली. मायनं पाण्याचा तांब्या त्यांच्यासमोर ठेवला होता. हातात दिला नव्हता.

आखाजीच्या सुमारास त्यांना ताप आला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांच्या नावानं घागर भरतात, गेलेल्या एकेका माणसासाठी एक. माय कुंभाराकडून आजोबांसाठी घागर घेऊन येत होती, तर गल्लीतल्या एका बाईनं विचारलं, "यंदा एकच का?" आणि वर म्हणाली, "मी आपलं सहज विचारलं." माय सरळ चालत राहिली. घरात आली, घागर ठेवली, आणि आत भाऊ कण्हताना ऐकू आले. अंग भट्टीसारखं. मान लाकडासारखी. डोकं उशीवर टेकवत नव्हतं.

गल्ली दारात जमली. "गोळीनंच केलं. एवढे दिवस बरा होता." मी अक्काला फोन लावला, का लावला कुणास ठाऊक. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तेव्हाच दिली असती तर?" आणि फोन ठेवला. एका बाजूनं गोळी दिल्याचा दोष होता, दुसऱ्या बाजूनं न दिल्याचा. दोन्ही माझ्याच खात्यावर.

मायनं गोळ्यांची बाटली हातात घेतली. किती दिवसांनी तिनं माझ्याकडे नीट बघितलं.

"बंद करू का?"

ताप, सूज, मान. हे बुरशी करत नाही, शरीर करतं. मला ते वाक्य आठवत होतं. पण बुरशी परत आली असेल तर? मला काहीच माहीत नव्हतं. घरात सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि माझ्या तोंडात कुठलंच पत्रक नव्हतं.

"बंद नाही," मी म्हटलं. "धुळ्याला."

मायनं बाटली कमरेला खोचली, भरलेल्या घागरीवर ओलं फडकं टाकलं, आणि चप्पल घातली. "चल," ती म्हणाली.

वॉर्डात ती खाटेजवळ आली नाही. बाहेर भिंतीला टेकून बसली. तिथून भाऊंचे पाय दिसत होते, ते बघत बसली. मॅडमनी पुन्हा पाठीतून पाणी काढलं, सूज उतरायचं औषध सुरू केलं, आणि गोळी चालू ठेवायला सांगितली. पाण्यातून बुरशी उगवते का ते बघायला काही दिवस लागणार होते. पुन्हा थांबणं. या वेळी मी निवेदन लिहिलं नाही. मायच्या शेजारी जाऊन बसले. ती सरकून जागा देईल असं वाटलं होतं. तिनं दिली नाही, पण उठलीही नाही.

मॅडम आल्या तेव्हा भाऊ उशीला टेकून बसले होते.

"काही उगवलं नाही," त्या म्हणाल्या. "बुरशी मेलेली आहे. तिची टरफलं तेवढी उरलीत. तुमचं शरीर आता जागं झालंय आणि त्या टरफलांशी भांडतंय."

"मेलेल्याशी?" मी विचारलं.

"ती मेलीय हे त्याला कुठं कळतंय?"

भाऊंच्या पोटातून हसू आलं. "मॅडम, आमच्या संघटनेचंही असंच व्हायचं. कापसाची जिनिंग गिरणी बंद पडून मालक निघून गेला, तरी आम्ही गेटवर घोषणा देत होतो."

मॅडम हसल्या. बाहेर मायनं तोंडाला पदर लावला. भाऊ हे मला म्हणाले नव्हते, मॅडमना म्हणाले होते. पण माझ्या कानांवर पडावं एवढ्या मोठ्यानं म्हणाले होते.

ताप हळूहळू उतरला. आता भाऊ घरी असतात. त्यांना उजेड कळतो, दारात कुणी उभं राहिलं तर आकार कळतो, अक्षर कळत नाही. मी त्यांना वाचून दाखवते. तू बरोबर होतीस असं ते म्हणालेले नाहीत. म्हणणारही नाहीत. एका दुपारी मात्र ते म्हणाले, "कागद घे. ते जुनं पत्रक बदलायचंय."

पहिली ओळ तशीच राहिली. आज तपासणी, आज गोळी. त्याखाली त्यांनी सांगितलं: पण डोकं बरेच दिवस दुखत असेल, उलट्या होत असतील, एकाचे दोन दिसत असतील, तर गोळीआधी पाठीतलं पाणी तपासून घ्या.

"आणि बुरशी निघाली तर थांबा, असं लिहू?"

"तो शब्द मी छापणार नाही."

"मग लोकांना कळणार कसं?"

"लिही, बुरशी निघाली तर आधी बुरशीचं औषध, मग गोळी. डॉक्टरांना तारीख विचारा आणि त्या तारखेला जाऊन गोळी घ्याच." ते थांबले. "आणि घेतल्यावर ताप आला तर गोळी सोडू नका, दवाखाना गाठा. आता वाच."

मी वाचलं. त्यांनी दोन ठिकाणी मला अडवलं, दोन्ही ठिकाणी त्यांचं बरोबर होतं.

पत्रकं घेऊन मी जळगावला गेले. जिथे लोक गोळ्या न्यायला येतात तिथे दोन गेट आहेत. एका गेटवर उभी राहून वाटायला लागले. काहींनी घेतलं, बऱ्याच जणांनी मान फिरवली. मग ओळखीची पिशवी खांद्याला लावलेली अक्का समोर आली. मी पत्रक पुढे केलं. तिनं चष्मा लावला आणि तिथेच उन्हात उभी राहून ओळन् ओळ वाचलं. शेवटपर्यंत.

"बठ्ठं खरं शे, सगळंच," ती म्हणाली. चष्मा काढला, पुसला. "पण त्या दिवशी मी जळगावहून धुळ्याला एवढी उनू, आणि तू मला चहासुद्धा विचारला नाहीस."

"चला ना आता," मी म्हटलं.

"आता कसला चहा. हे कोण वाटेल?" तिनं माझ्या हातातला गठ्ठा मध्यावर धरला, वरचा अर्धा उचलला, आणि दुसऱ्या गेटकडे चालू लागली. तिथून तिचा आवाज मला ऐकू येत होता. माइकवरचा असायचा तसाच, मोठा. मी माझ्या गेटवर उभी राहिले आणि उरलेली पत्रकं वाटत राहिले.